नववा प्रश्न

मला नैराश्य आलं ते बरी झाल्यावर.

हे ऐकणाऱ्याला उलटं वाटतं. आजार अंगात माजला होता, तोंडात पांढरा बुरा साचून उकड्या तांदळाची पेजही गिळवत नव्हती, तेव्हा मन कसं घट्ट होतं. सकाळी उठायचं, मुलाचा डबा करायचा, सासऱ्यांना आंघोळीचं पाणी तापवून द्यायचं आणि मशीनवर बसायचं. रडू यायचंच नाही. पुढे सगळं मार्गी लागलं. रक्तातला विषाणू तपासणीत सापडेनासा झाला, मुलगा आयटीआय करून पुण्याला कामाला लागला, गणपतीच्या ब्लाऊजपिसांची बोचकी कोपऱ्यात येऊन पडायला लागली. त्या पावसाळ्यात एका सकाळी माझा हात मशीनच्या चाकाकडे गेलाच नाही.

नवरा गेला २००६मध्ये. लालबागला गावकीच्या खोलीत राहायचा, गोदामात काम करायचा, गणपतीला आणि शिमग्याला यायचा. आमच्या कसालात अर्ध्याअधिक घरांची वर्षं अशीच दोन सणांत वाटलेली असत. त्याच्या चाचणीमागोमाग माझीही एचआयव्हीची चाचणी झाली. त्याला हे कुठून आलं ते मी विचारलं नाही. विचारण्याइतके दिवस राहिले नव्हते, आणि शेवटच्या आठवड्यात त्याला माझ्याकडून पाणी हवं होतं, चौकशी नको होती.

सरकारने एचआयव्हीची औषधं मोफत द्यायला सुरुवात केली ती १ एप्रिल २००४ला, मोजक्या मोठ्या इस्पितळांतून. मुंबईचं जे. जे. त्यातलं एक. आमच्याकडची माणसं कुठल्याही मोठ्या दुखण्याला गोव्यात बांबोळीला जातात, तशी मीही गेले. जवळ काही असतं तरी बांबोळीलाच गेले असते, कारण तिथे मला ओळखणारं कुणी नव्हतं. औषधं चालू झाली, पण विश्वास बसला नव्हता. मी जाण्याची तयारी करत होते. पासबुकावर मुलाचं नाव घातलं, भावाला बोलावून सांगायचं ते सांगितलं, आणि ग्रामदेवतेसमोर मनातल्या मनात मुदत मागितली. पोरगा दहावी होईपर्यंत ठेव.

तो दहावी झाला २०१७मध्ये. मागितलेली मुदत संपली आणि मी होतेच.

याची जाणीव लगेच होत नाही. दोन वर्षं अशीच गेली आणि मग ती अंगावर आली. मरणाच्या तयारीला लागलेल्या माणसाला काम असतं, हिशेब असतो, एक प्रकारची घाई असते. ती घाई संपली आणि पुढे नुसते दिवस दिसायला लागले, एकामागे एक, कशासाठी ते न सांगणारे. हे माझं एकटीचंच विचित्र असेल असं मला वाटायचं. नंतर कळलं की १९९६च्या सुमारास एकत्रित औषधं आली, तेव्हा अमेरिकेत कित्येकांचं हेच झालं होतं. मरणार म्हणून त्यांनी विमा विकून पैसे खर्चून टाकले होते, नोकऱ्या सोडल्या होत्या, आणि मग ते जगले. जगल्याचा आनंद त्यांना व्हायलाच हवा असं जगाने ठरवून टाकलं होतं. माझ्याही बाबतीत ठरवलेलं होतं. "आता काय झालं तुला? आता तर सगळं चांगलं आहे," असं माझा भाऊ कळवळून म्हणायचा, आणि त्याच्या कळवळ्याने मी आणखी खाली जायचे.

कसाल हे फाट्याचं गाव. मुंबई-गोवा महामार्ग इथून जातो आणि मालवणचा रस्ता इथे फुटून कट्ट्याच्या, कुंभारमाठाच्या दिशेने जातो. खाली ओरोस, वर कणकवली. त्यामुळे स्टॉपवर सदा माणूस उभा, आणि उभ्या माणसाला विचारायचा प्रश्न एकच. "खंय चललंस गो?" यात चांभारचौकशी नसते, मायाच असते. उत्तर दिलं नाही तर विचारणाऱ्याला लागतं. पण तारखेला औषध आणायला निघालेल्या माणसाच्या पोटात या प्रश्नाने गोळा येतो. मी उत्तरं तयार ठेवायचे. अस्तर आणूक. काजाचो दोरो संपलो. मावशी बरी नाय. एकदा सांगितलेलं पुढच्या वेळी लक्षात ठेवावं लागतं, नाहीतर मावशी कुणाच्या तरी बोलण्यात बरी होऊन बसते.

गोळ्यांची प्लास्टिकची बाटली वाजते. तीस गोळ्या असल्या तरी एस.टी. खड्ड्यातून गेली की खुळखुळते. मी तिच्यात कापूस कोंबायचे, वरचं लेबल नखाने खरवडून काढायचे, मग ती अस्तराच्या कापडात गुंडाळून पिशवीच्या तळाशी ठेवायचे. हे मी इतकी वर्षं केलं की ते श्रम आहेत हेच विसरले. सतत सावध राहिलेल्या जिवाला कधीतरी मोठा थकवा येणारच. माझ्या नैराश्यातला निदान अर्धा भाग मला या थकव्याचा वाटतो. विषाणूचं ओझं गोळीने उतरवलं, लपवण्याचं ओझं तसंच राहिलं.

बांबोळीला जाताना म्हापसा लागतं. त्या वाटेवर मी अनेकदा गेले, तेव्हा मला डॉमिनिक डिसोझा माहीत नव्हता. आता माहीत आहे. गोव्यातला पर्रा गावचा तरुण. रक्तदान करायचा, त्यातूनच त्याचं निदान झालं. १९८९च्या फेब्रुवारीत पोलिसांनी त्याला उचललं आणि म्हापशाच्या जुन्या क्षयरोग इस्पितळात ६४ दिवस एकट्याला कोंडून ठेवलं. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याच्या आईने, लुसी डिसोझांनी, मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठात त्याविरुद्ध दाद मागितली. न्यायालयाने कायदा उचलून धरला. त्याची नोकरी गेली. पण सुटल्यावर तो घरात तोंड लपवून बसला नाही. 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था त्याने मित्रमैत्रिणींबरोबर उभी केली, आणि १९९२च्या मे महिन्यात तो गेला.

मी त्याच्यातल्या धैर्यापेक्षा त्या ६४ दिवसांचा विचार जास्त करते. रिकामं इस्पितळ, बाहेर पहारा, आणि दुखत तर काहीच नाही. अंगाने तो धडधाकट होता. माणसाला आजाराने नव्हे, आजूबाजूला कुणी नसण्याने खचवता येतं, हे त्या कोठडीत त्याला समजलं असणार. मला कुणी कोंडलं नव्हतं. आज तसं करणं बेकायदाही आहे. २०१७चा एचआयव्ही आणि एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८पासून लागू झाला. त्यानुसार माझ्या संमतीवाचून माझा आजार कुणी उघड करू शकत नाही, आजारामुळे मला कामावरून किंवा घरातून काढू शकत नाही. कायदा आला आणि दार बाहेरून उघडं झालं. आतली कडी मात्र मीच लावलेली होती, आणि ती काढायचं बळ २०१९च्या त्या पावसात माझ्या हातात नव्हतं.

तो पावसाळा मला सलग आठवत नाही. आठवतं ते पहाटे तीनला जाग येणं, पत्र्यावरचा आवाज, आणि उजाडूच नये असं वाटणं. पन्हाळीखालची कळशी भरून वाहायची आणि ती सरकवायला मी उठायचे नाही. कुळथाची पिठी करायला किती वेळ लागतो? तेवढाही लागू नये म्हणून मी कोरा चहा पिऊन राहायचे. दुःख होत होतं असं म्हणता येणार नाही. दुःखाला काहीतरी चव असते. हे बेचव होतं. आणि रात्रीची गोळी मी विसरत नव्हते, ती मला दिसत होती. पण उठून पाण्याचा तांब्या आणणं हे मला कसालहून मालवणला चालत जाण्याइतकं लांब वाटायचं.

त्यात स्वप्नं. तेव्हाच्या गोळीत एफाव्हिरेन्झ नावाचं औषध असायचं. ते रात्री झोपताना घ्यायचं, कारण घेतल्यावर गरगरतं आणि काहींना फार स्पष्ट, भडक स्वप्नं पडतात. काहींचं मनही त्याने उतरतं. मला नवरा खळ्यात उभा दिसायचा, इतका जवळ की शर्टाचं तुटलेलं बटण दिसायचं. मला वेड लागतंय असं मी धरून चालले होते. हे औषधाचंही असू शकतं हे कुणाला विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारायला आधी सांगावं लागतं.

एव्हाना मी औषधांसाठी बांबोळीहून ओरोसच्या केंद्रावर नाव वळवून घेतलं होतं. बांबोळीचा प्रवास झेपत नव्हता, आणि ओळखीचं कुणी भेटेल ही धास्तीही बोथट झाली होती. केंद्रावर समुपदेशक बाई उरलेल्या गोळ्या मोजतात. बाटली टेबलावर ओतायची, दोन बोटांनी दोन-दोन करत सरकवायच्या. त्या दिवशी माझ्या बाटलीतून फारच गोळ्या निघाल्या. आता ऐकून घ्यावं लागणार म्हणून मी मान खाली घातली. गोळी चुकली की विषाणू औषधाला सरावतो, मग तीच गोळी चालत नाही, हे मला पाठ होतं. बाईंनी गोळ्या परत बाटलीत भरल्या, झाकण लावलं आणि एक कागद पुढे ओढला. "नऊ प्रश्न आहेत. गेल्या दोन आठवड्यांचं सांगा."

कशात रस वाटतो का. झोप. भूक. थकवा. आपण कुचकामी आहोत असं वाटतं का. प्रश्न साधे होते आणि एकेक माझ्या पडवीवर बसून लिहिल्यासारखा होता. माझ्या आधी असं पुष्कळांना झालं असणार, म्हणून तर कुणीतरी ते छापून ठेवले, हे त्या क्षणी मनात आलं आणि फार बरं वाटलं. नववा प्रश्न होता, आपण मेलेलं बरं असा विचार येतो का. मी कागदाकडे पाहत राहिले. बाईंनी घाई केली नाही. मी "येतो" म्हटलं. त्या "हं" म्हणाल्या.

आमच्याकडे देवळात गाऱ्हाणं घालतात. मानकरी देवासमोर उभा राहून सगळ्यांच्या वतीने मागतो. चाकरमान्याची रोजीरोटी, पोरांचं शिक्षण, गुराढोरांचं बरं. प्रत्येक मागण्याला जमलेली माणसं म्हणतात, "व्हय म्हाराजा." लहानपणापासून मी ते ऐकत आले. माझा आजार कुठल्या गाऱ्हाण्यात बसण्यासारखा नव्हता. तेरा वर्षांत माझ्या खऱ्या दुःखाला कुणी "व्हय" म्हटलेलं नव्हतं. ओरोसच्या त्या खोलीत, बाहेर नंबर लावून बसलेल्या माणसांच्या खोकण्यात, ते पहिल्यांदा म्हटलं गेलं.

पुढचं सांगायला सोपं आणि करायला हळू होतं. मनोविकारतज्ज्ञांनी रक्त, थायरॉइड तपासायला सांगितलं, आधीच्या औषधांशी भांडणार नाही अशी गोळी दिली, आणि गुण यायला दोन-चार आठवडे लागतील हे आधीच बजावलं. हे बजावणं महत्त्वाचं. नाहीतर माणूस आठव्या दिवशी गोळी टाकतो. ही गोळी बरं वाटल्यावरही काही महिने चालू ठेवायची असते, आणि बंद करायची ती डॉक्टरांनी सांगितल्यावर, हळूहळू. एचआयव्हीसह जगणाऱ्यांत नैराश्याचं प्रमाण इतरांच्या साधारण दुप्पट असतं, असं त्यांनी सांगितलं. माझ्या स्वभावाचा हा दोष नव्हता. विषाणू, औषध आणि आयुष्य, तिघांनी मिळून आणलेला तो दुसरा आजार होता, आणि पहिल्यासारखाच त्यालाही उपचार होता.

समुपदेशक बाईंचा उपाय मला आधी पोरकट वाटला. "काय काम करता तुम्ही?" मी म्हटलं, शिवणकाम. "मग उद्या एक हूक लावा. ब्लाऊज नको. एकच हूक." मन लागल्यावर काम करीन असं मी म्हणत होते. त्या म्हणत होत्या, आधी काम, मन मागून येईल. मी घरी आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नुसती सुई ओवून ठेवली. मग पट्टीवर हूक धरला, दोन टाके वरच्या कडीत, दोन खालच्या, गाठ, दोरा दाताने तोडला. एवढंच. तिसऱ्या दिवशी दोन झाले. गणपतीपर्यंत बोचकी काही संपली नाहीत, गिऱ्हाइकं नाराज झाली, काही कापडं परतही नेली. पण हुकांची ती ओळ मी अजून मोडलेली नाही.

या उपायाची पारख आमच्या शेजारीच झाली आहे, हे नंतर वाचलं. गोव्यातल्या संगाथ या संस्थेने तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या साध्या माणसांना शिकवून, तीव्र नैराश्य असलेल्यांशी अशाच बैठका करवल्या. छोटी कामं ठरवायची, ती करायची, पुढच्या वेळी त्यावर बोलायचं. माणसं बरी झाली, आणि २०१७मध्ये 'लॅन्सेट'मध्ये ते छापून आलं. तिकडे झिम्बाब्वेत हरारेच्या डॉ. डिक्सन चिबांडा यांची एक तरुण रुग्ण बसच्या भाड्याला पैसे नाहीत म्हणून इस्पितळात येऊ शकली नाही आणि तिने जीव दिला. त्यानंतर त्यांनी वस्तीतल्या आज्यांना शिकवलं आणि दवाखान्याच्या आवारात लाकडी बाक टाकले. ज्याला बोलायचं असेल त्याने आजीशेजारी बसावं. त्या बाकांवर येणाऱ्यांत एचआयव्ही असलेली माणसं पुष्कळ. भाड्याची गोष्ट वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. आता बाईमाणसाला एस.टी.चं तिकीट अर्धं झालं आहे, पण ज्या महिन्यात मशीन बंद असतं त्या महिन्यात अर्धं तिकीटही पुऱ्याइतकंच जड जातं.

माझी बाकावरची आजी म्हणजे माझी थोरली जाऊ. तिचं घर गडग्यापलीकडे. २००६मध्ये माझं ताट वेगळं काढणाऱ्यांत ती पहिली होती. माझा तांब्या, माझी चटई, माझ्या मुलाचा पेलाही. हे मी विसरलेले नाही. त्या पावसात मशीनचा आवाज येत नाही हे तिनेच ओळखलं. ती यायची, पायरीवर बसून फणसाच्या आठळ्या सोलायची, बोलायची नाही. मला डॉक्टरकडे न्यायचं का म्हणून तिने देवाला कौलही लावला आणि उजवा मिळाला. तो मिळाला नसता तरी तिने नेलं असतं असं मला वाटतं. एकदा माझ्या हातातली पट्टी ओढून घेत म्हणाली, "एकटा बसान काय करतंस? दी ते हूक हयसर." मग मान वर न करता, "तेव्हा माका कोणी काय सांगूक नाय गो. म्हणान मी भियालंय." माफी म्हणून ती एवढीच. मला ती पुरेशी झाली, कारण ते खरं होतं. तिला कुणी सांगितलं नव्हतं की एका ताटाने, एका तांब्याने, माझ्या शिवणाच्या सुईने हे होत नाही.

तेव्हापासून रात्री नऊला गडग्यापलीकडून हाक येते. "गोळी घेतलंस गो?" सगळ्या वाडीला ऐकू जाईल अशी. वाडी समजते बीपीची. मी इकडून ओरडते, "घेतलंय!" २०२१मध्ये माझी गोळी बदलली, एफाव्हिरेन्झ जाऊन डोल्युटेग्राव्हिर आलं, स्वप्नं थांबली. ही गोळी मला सकाळी घेतली तरी चालली असती. मी रात्रीचीच ठेवली.

नैराश्य पुन्हा येत नाही असं नाही. मिरग लागला की त्याची चाहूल लागते. झोप आधी बिघडते, मग पेज नकोशी होते. आता मी वाट पाहत बसत नाही. तारीख नसली तरी ओरोसला जाते, किंवा १४४१६ला फोन लावते. तो टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, आणि नाव सांगायची सक्ती नाही. एचआयव्हीचं काही विचारायचं असेल तर १०९७ आहे. हे दोन नंबर मी मशीनच्या खणात बॉबिनच्या डबीवर लिहून चिकटवले आहेत.

गेल्या तारखेला केंद्रावर एक मुलगी भेटली. किनाऱ्याकडची, नुकतंच निदान झालेलं, ओढणी नाकापर्यंत. बाईंनीच तिला माझ्याशेजारी बसवलं. तिचे प्रश्न मी ऐकले आणि मला माझं बांबोळी आठवलं. लग्न होईल का? होतं. नवऱ्याला होईल का? नियमित औषधाने विषाणू तपासणीत सापडेनासा झाला आणि तसाच राहिला, तर संबंधातून तो जोडीदाराला जात नाही. युरोपात शेकडो जोडप्यांवर वर्षानुवर्षं अभ्यास झाला, तसा एकही संसर्ग सापडला नाही. मूल? औषध चालू ठेवलं तर बहुतेक बाळं निरोगी जन्मतात. ती प्रत्येक उत्तर पुन्हा वदवून घेत होती. मी पुन्हा सांगत होते. प्रतिकारशक्तीच्या पेशींचा काउंट किती असायला हवा, बाटली वाजू नये म्हणून काय करायचं, हेही सांगितलं.

मग ती म्हणाली, "बाकी सगळं ठीक आहे मावशी, पण झोप येत नाही. आणि मनात काहीबाही येतं." तिचं नाव पुकारलं गेलं. मी तिचा हात धरून तिला उठवलं आणि दारापर्यंत सोडायला गेले. आत बाई नऊ प्रश्न विचारतील, एवढं तिला सांगितलं. आठ कसेही दे, पण नवव्याला खोटं बोलू नकोस.